मागच्या सीटवरची झोप

"रस्ता कळू नये पाठीला, झोप यावी दिठीला." पहिल्यांदा गाडीची किल्ली हातात देताना बाबा म्हणाले होते. तेही ड्रायव्हरच. "मागचा माणूस झोपला, की समज तुझा हात बसला."

माझा हात असा बसलाय की विचारू नका. बावीस वर्षं मी शहरातल्या पाहुण्यांना डोंगरातल्या किल्ल्यावरच्या हॉटेलात पोचवतो. वकील, डॉक्टर, नवी जोडपी, सगळी शहर सुटायच्या आत झोपतात. एक न्यायाधीश तर गाडी सुरू व्हायच्या आधीच घोरू लागले!

शेवटच्या वळणावरून तो किल्ला अचानक समोर येतो. ते वळण तुला दाखवीन, असं हिला लग्नाच्या वर्षीच कबूल केलं होतं. परवा कुठे मुहूर्त लागला. मी इस्त्रीचा गणवेश घातला, मागचं दार उघडलं.

"बसा बाईसाहेब."

"अहो, पुढे बसते की."

"मान मागच्या सीटला असतो."

ही बसली. मी एकेक दाखवू लागलो. ही गिरणी कधी बंद पडली, हा पूल कसा खचला, इथेच आमचं टायर कसं फुटलं. दुसऱ्या पुलाशी आरशात पाहतो, तर हिचे डोळे मिटलेले. ऊर भरून आला. बाबा, बघा, घरचं माणूससुद्धा झोपलं! मी शब्द आवरले. गिअर असे बदलले, जसं वहीत मोरपीस ठेवावं.

आणि वळण आलं. दरीपलीकडे किल्ला, कुणी वरून मध ओतावा तसा उन्हात न्हालेला. आणि ही झोपलेली. उठवावं तर बाबांचा शब्द मोडतो, न उठवावं तर माझा.

किल्ल्याच्या दारात पांढऱ्या हातमोज्यांचा दरवान फुलं घेऊन पायऱ्या उतरला. मी कारंज्याला वळसा घातला आणि गाडी परत फिरवली. खाली पेट्रोल पंपापर्यंत गेलो, पुन्हा वर आलो. वळणावर हळूच खोकलो. ही गाढ. पुन्हा दरवान, पुन्हा फुलं, पुन्हा कारंजं. तिसऱ्या खेपेला वळणावर हिच्या बाजूची काच खाली केली. हिने शाल तेवढी ओढून घेतली.

या वेळी दरवान रस्त्यातच आडवा उभा होता. शेजारी मॅनेजर, हातात फोन.

"बाईंना कुठे पळवताय?"

"बायको आहे माझी."

"मग उतरवत का नाही?"

"हळू बोला, झोपलीय."

"गच्चीवरचा चहा पाचला बंद होतो. पाचच मिनिटं आहेत."

"बावीस वर्षं जपलेला शब्द," मी म्हणालो, "दारात येऊन सांडला."

"नाही सांडला," मागून आवाज आला. "तिन्ही वेळा पाहिला मी किल्ला. दुसऱ्यांदा जास्त देखणा होता."

"म्हणजे तू जागी होतीस? मग डोळे का मिटलेस?"

ही उतरली. फुलं घेतली. माझी टोपी सरळ केली.

"दुसऱ्या पुलापर्यंत तुम्ही तेच टायर तीनदा फोडलंत. मी डोळे मिटले की तुम्ही गप्प होता. आणि गप्प असलात, की काय सुरेख चालवता हो. पाण्यावरून नाव जावी तशी."

मला न्यायाधीश आठवले. पाठोपाठ वकील, डॉक्टर, नवी जोडपी.

"पण बाबा तर म्हणायचे..."

"मामंजीही फार बोलायचे," ही हळूच म्हणाली. "ही युक्ती मला सासूबाईंनीच दिली. त्याला कळू देऊ नकोस, म्हणाल्या होत्या."