खिळ्याची लेखी परवानगी

तावडेकाकांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. घड्याळ फ्रिजला टेकवलेलं, कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं आणि छत्री दाराच्या कडीला. नवा पाहुणा इकडेतिकडे बघू लागला की काका गंभीरपणे सांगत, "घर बँकेचं. आपण फक्त राखणदार."

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी जतहून मुंबईला आलो आणि मुलुंडला काकांच्या समोरची खोली भाड्याने घेतली. पहिले सहा महिने रात्रीचं जेवण मला तावडेकाकूंनीच वाढलं. त्याच सुमारास मुलीच्या डॉक्टरकीसाठी काकांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं. घराची किंमत ठरवायला बँकेचा माणूस येणार म्हटल्यावर काकांनी मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी तयारी केली. दारात रांगोळी, टेबलावर कांदेपोहे. तो बिचारा मोरीचं माप घेत होता आणि काका त्याच्या मागे ताटली घेऊन उभे. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "पसंत आहे ना?"

कर्जाचे कागद आले तेव्हा काका म्हणाले, "ग्रॅज्युएट, वाच रे." मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. त्यात एक अट होती, बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घरात फेरफार करू नयेत. काकांनी तिथेच मला थांबवलं. खिळा हा फेरफार आहे की नाही, हे विचारायला ते दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. मॅनेजर हसून म्हणाला, खुशाल ठोका. काका म्हणाले, "लेखी द्या." खिळ्याची परवानगी कोण लेखी देणार? घरी येऊन काकांनी होते ते खिळेही उपटले. काकू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याक कोणीतरी आवरा."

पुढच्याच वर्षी काकू गेल्या.

त्यांची तसबीर मोठी करून आणली, ती जेवणाच्या टेबलापाशी त्यांच्याच खुर्चीवर राहिली. मी चिकटवायचा हुक आणला; तो काकांनी परत केला. म्हणाले, "तिला परक्याच्या भिंतीवर टांगू? घर आपलं होऊ दे, मग लावू." मुलगी डॉक्टर झाली, उरलेलं कर्ज एकदम फेडते म्हणाली. काकांनी तिलाही सांगितलं, घर मी गहाण टाकलं, मीच सोडवणार. निवृत्तीनंतरही ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जात राहिले. गुडघे दुखायचे, तरी सुट्टी नाही. मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की मात्र नियम ठरलेला. मी चुकून त्या खुर्चीकडे वळलो तर म्हणायचे, "ती काकूची. तू इकडे बस."

गेल्या महिन्यात कर्ज फिटलं. घराचे मूळ कागद छातीशी धरून काका बँकेतून आले आणि आधी माझ्या दारावर थाप मारली. "ग्रॅज्युएट, स्टूल धर."

हातोडा नवा होता. खिळा त्यांनी असा दणकून ठोकला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, काय तोडताय काय. "माझ्या घरात ठोकतोय," काकांनी स्टुलावरूनच उत्तर दिलं.

मग ते उतरले, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने तसबिरीची काच पुसली आणि तसबीर उचलली. पुन्हा स्टुलावर चढून ती खिळ्यापर्यंत नेलीही. मी खालून हात वर करून आधार द्यायला उभा होतो. काका मात्र तसेच थांबले. रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे बघत राहिले.

"रवांदे रे," ते हळूच म्हणाले. "ही भिंतीर गेली तर माझ्याबरोबर जेवूक कोण बसतला?"

तसबीर पुन्हा खुर्चीवर आली. काकांनी ती नीट टेबलाकडे वळवली, दाराच्या कडीवरची छत्री काढली आणि नव्या खिळ्याला अडकवली.

"भात टाकतो," ते म्हणाले. "तू बस."

मी माझ्या खुर्चीवर बसलो.