आभारांतलं शेवटचं नाव

डोमाजी गुरुजींनी एकदा मयतीत आभार मानले होते. सरणाला लाकडं देणाऱ्या जंगलखात्याच्या नाकेदाराचे, खांदेकऱ्यांचे आणि ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हणत खुद्द मयताचे.

चांदा जिल्ह्यातल्या आमच्या तळ्याकाठच्या गावात ते हेडमास्तर, मी त्यांच्या हाताखाली. हे इंग्रजी वाक्य त्यांनी कुठल्याशा इन्स्पेक्टरच्या भाषणातून उचललं होतं. “म्हंजे पाहा,” ते गावाला समजावायचे, “नाव शेवटी आलं म्हून मानूस लहान होत नाई.”

गावानं एवढंच ध्यानात घेतलं, की शेवटी येतो तोच मोठा. झालं! आपलं नाव पहिलं नसलं तर सभेतून उठून जाणारे गावचे जमीनदार मालगुजार आता पहिलं नाव ऐकून भडकले, “मले पयले काऊन घेतलं? मी का ऐरागैरा वाटलो तुमाले?” तेंदूपानांचे ठेकेदार मुद्दाम उशिरा येऊ लागले, मालगुजार त्यांच्याहून उशिरा. एका पंधरा ऑगस्टला तर पहिल्या पंगतीत बसायला कोणी प्रतिष्ठित तयारच होईना. शेवटी मोठं व्हायची घाई नसलेल्या आम्ही भुकेल्यांनी पत्रावळी ओढल्या. मागे ताटकळलेल्यांना वांग्याचा रस्सासुद्धा उरला नाही.

“मी सांगून काय राह्यलो, हे करून काय राह्यले!” गुरुजींनी कपाळावर हात मारला.

मला मात्र एक गोष्ट टोचायची. इतकी वर्षं त्यांनी गावाचे आभार मानले. त्यांचे कोणी मानले नाहीत. आभार मानणाऱ्याचे आभार मानायची पद्धतच नाही. घरी बायको गेलेली, मूलबाळ नाही. सभा संपली की ते एकटेच सतरंज्या झटकत रेंगाळायचे.

ते पेन्शनीत निघाले तेव्हा निरोपाची सभा झाली. मालगुजार तळ्यातल्या गाळावर बोलले, ठेकेदार स्वतःवर. आभाराला कोणी उठेना. ते काम गुरुजींचं. मग आपल्याच निरोपाचे आभार मानायला गुरुजी उठले. सगळी नावं घेत आले, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हणाले आणि थांबले. मालगुजारांनी टोपी सरळ केली. ठेकेदार खाकरले. गुरुजींनी चष्मा काढून हातात घेतला.

मागून शाळा सारवणाऱ्या तानाबाई बोलल्या, “गुरुजी, तुमचंच नाव राह्यलं ना! घ्या ना आता.”

गुरुजींना ते घेता येईना. मग तानाबाईंनीच मोठ्यानं घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या थांबेपर्यंत गुरुजी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत उभे होते.