तेवीसचा विरोध

तीस वर्षं मी भिवंडीत आयटीआयच्या पोरांना वीज शिकवली, तीही अस्सल मराठीत. व्होल्टेजला दाब, करंटला प्रवाह आणि रेझिस्टन्सला विरोध. विजेच्या हिशोबात माझ्या तोंडून कधी इंग्रजी शब्द निघाला नाही, हे मी ओळख नसलेल्या माणसालाही सांगत असे. गेल्या रविवारपर्यंत.

रविवारी अंजूरला माझ्या भाचीचा, रीमाचा साखरपुडा होता. नवरदेव दीपेश खारबावचा. पाहुणे खुर्च्यांवर टेकले आणि मंडपातली वीज गेली. चहाचे दोन विजेचे बॉयलर एकदम लावले की बोर्डावरचं बटण पडत होतं. बहीण कमळ रडकुंडीला आली.

"दादा, वायरमनला बोलवू का?"

"कशाला? मी हिशोब करतो. हिशोबापुढे बिघाड टिकत नाही."

माझा जुना विद्यार्थी धनेश पाहुणा म्हणून आला होता. त्याला घरामागे बोर्डापाशी उभा केला, एकच बॉयलर चालू ठेवला आणि मी मंडपातून फोन लावला. माझा आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"दाब दोनशे तीसचा ना? आणि बॉयलरचा प्रवाह दहा. मग भाग दे. तेवीस! अरे, तेवीसचा विरोध आहे इथे!"

धनेश काहीतरी म्हणाला.

"दोघांची मिळून शक्ती चार हजार सहाशे. हे घर एवढं पेलणार नाही. दोघांना एका ठिकाणी जोडू नकोस, भडका उडेल. वेगवेगळे राहू देत, त्यातच सगळ्यांचं भलं आहे."

माझ्या मागच्याच खुर्चीत नवरदेवाची आत्या तुळजाबाई बसली होती, हे मला नंतर कळलं.

फोन ठेवून वळलो तर नवरदेवाचे वडील केसरीनाथ समोर. अंगठीची डबी त्यांनी खिशात परत घातली होती.

"मास्तर, ते तेवीस जन कोन?"

"कोण तेवीस?"

"ज्यांचा आमच्या पोराला विरोध हाय ते. आनि तुमी सोता बोल्ला, दोघांना जोडू नका म्हनून."

रीमाचा चेहरा उतरला. दीपेश खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला. कमळ आपल्याच माणसांकडे संशयाने बघत मोजायला लागली. आमचा चुलतभाऊ नामा घाबरून म्हणाला, "मी फक्त जेवनात मटन न्हाय म्हनून विरोध केलता."

पोरीचं लग्न माझ्या हिशोबाने मोडत होतं. मी समजावायला गेलो, "अहो, विरोध हा अंगचाच गुणधर्म असतो, त्यात राग कसला?"

"म्हंजे आमच्या घरान्याचे गुन काढता?" केसरीनाथ चपला शोधू लागले.

तीस वर्षांचं व्रत तिथेच मोडलं. मी ओरडलो, "रेझिस्टन्स! बॉयलरचा रेझिस्टन्स! व्होल्टेज भागिले करंट, तेवीस ओहम! पोरांचं नाही, दोन बॉयलरचं बोलतोय मी!"

केसरीनाथांनी चपला शोधायचं सोडलं, डबी बाहेर काढली.

"आवं मास्तर, मंग असं सरळ मराठीत बोला ना."

धनेशने दुसरा बॉयलर शेजारच्यांच्या घरात लावला. चहा झाला, अंगठ्या झाल्या. लग्नाची कामं वाटताना कमळने मला एकच ड्युटी दिली: मंडपात गप्प बसणे.

माझा विरोध शून्य होता.