पोटाच्या गळ्यातला पट्टा

"डॉक्टरबाई, तुम्ही फक्त पट्टा बसवा. पुढचं मी बघतो. उभा जन्म पाइपांत गेलाय माझा!"

ऑपरेशनच्या टेबलावर, नाकावर मास्क येता येता मिस्त्रींनी एवढं बजावलं आणि ते थेट टाकीत उतरले. स्वप्नातल्या टाकीत! गच्चीवरची मोठी, रिकामी, पाण्याची टाकी. वरच्या गोल तोंडातून उन्हाचा खांब खाली आलेला, भिंतींवर निळसर उजेड डुलतोय. मिस्त्री गुणगुणले की टाकीही गुणगुणायची, आणि मिस्त्रींपेक्षा सुरात!

जागेपणी मात्र टाकीत पाऊल पडून कैक वर्षं झाली होती. एकदा टाकीच्या तोंडात त्यांचं पोट असं बसलं की बाटलीला बूच बसावं! तेव्हापासून आत उतरायचा तो मेहुणा. काडीपैलवान. मिस्त्री वर बसून टॉर्च धरायचे, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या माणसासारखे. पूर्वी तडे लिंपता लिंपता आत दुपार विरघळून जायची. ती दुपार परत हवी, एवढ्यासाठी त्यांनी पोटाला पट्टा लावून घेतला होता.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. जठराच्या वरच्या टोकाला हा पट्टा. त्याच्या वर इवलीशी पिशवी. खायचं छोट्या वाटीत, बारीक चावून, सावकाश. जेवताना पाणी नाही. पट्टा सैल वाटला किंवा फार आवळला, तर कातडीखालच्या बटणातून सुईने द्रव भरता-काढता येतो.

"म्हणजे रेग्युलेटर!" मिस्त्री खूश.

"ते माझ्यावर सोडा. तुम्ही वाटी सांभाळा."

पातळ खाण्याचे आठवडे संपले आणि पहिल्याच सकाळी टोस्टचा तुकडा छातीत अडकला. जिन्यात कपाट अडकावं तसा! ना वर, ना खाली. आता अडकलेल्या पाइपाचं काय करायचं, हे मिस्त्रींना कोण शिकवणार? वरून पाणी सोडायचं! त्यांनी ग्लास उचलला. घट्, घट्, घट्! कपाट खाली गेलं.

"अहो, जेवताना पाणी नको म्हणाल्या होत्या ना त्या?" बायको म्हणाली.

"त्यांनी किती मोऱ्या मोकळ्या केल्यात आयुष्यात?"

मग पद्धतच पडली. घास, घोट. घास, घोट. सकाळी पट्टा जरा कुरकुरायचा, संध्याकाळी उकडलेले बटाटे, अंडी, पाव अशी वरातच्या वरात वाजतगाजत पार. आइस्क्रीमला तर तो उठून दार उघडायचा! आणि मिस्त्री जेवून उठायचे ते पुढच्या जेवणाची स्वप्नं बघतच.

गच्चीवर जाऊन त्यांनी टाकीच्या तोंडात पाय सोडून पाहिले. बेंबीपाशी गाडी थांबली.

"दाजी, मी उतरू का?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"गप! पट्टा गळतोय. सकाळी घट्ट, संध्याकाळी सैल. वॉशर गेलेल्या नळाचं लक्षण आहे हे."

"मग डॉक्टरबाईंना फोन करा की!" खालून बायको ओरडली.

"गळती मी शोधणार!"

गळती शोधायची मिस्त्रींची रीत ठरलेली. पाण्यात रंग टाकायचा आणि तो कुठे बाहेर पडतो ते बघत बसायचं. पोटात टाकायला रंग कुठला? बीट! दुसऱ्या दिवशी सकाळीच, पट्टा सगळ्यात कडक असताना, त्यांनी उकडलेल्या बिटाची जाडजूड फोड तोंडात टाकली आणि वरून पाणी सोडलं.

फोड अडकली. पाणी फोडीवर साठलं. मग दोघांनी मिळून परतीचा रस्ता धरला! मिस्त्री बेसिनवर वाकले. बेसिन लालभडक!

बायकोने दारातून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या शिंपीणबाई हातातल्या अर्ध्या बाहीसकट धावत आल्या.

"रक्त! अहो, रक्त ओकताय तुम्ही!"

मिस्त्रींना बोलता येईना. त्यांनी बोटाने पोट दाखवलं, मग नळ, मग थेंब थेंब पडतंय अशी खूण केली.

"थेंब थेंब जीव चाललाय म्हणतायत!" शिंपीणबाईंनी अर्थ लावला.

"दाजी, मला माफ करा!" मेहुण्याने पायच धरले. "तुमचा मोठा पाना हरवला नव्हता, मीच विकला होता!"

मिस्त्रींनी पाय झाडला. तो शेवटचा झटका आहे असं सर्वानुमते ठरलं आणि अँब्युलन्स आली.

डॉक्टरबाईंनी मिस्त्रींचा शर्ट पाहिला, वास घेतला आणि चष्मा वर सरकवला. "बीट?"

बायकोचं रडू जागच्या जागी थांबलं. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी चढू लागलं.

तरीही बाईंनी एक्स-रे काढला. त्याआधी पांढरं औषध प्यायला दिलं, ते कसं उतरतं ते पडद्यावर दिसतं म्हणे. मिस्त्री हरखले. "बघ! बाईसुद्धा रंगच टाकतायत!" पडद्यावर पांढरा धागा तरंगत तरंगत उतरला, पट्ट्यापाशी रेंगाळला, मग ढगासारखा पुढे सरकला. मिस्त्री तंद्री लावून बघत राहिले. आपल्या आत इतकं शांत काही असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पट्टा ठणठणीत आहे. सकाळी आवळतो, ताण आला की आवळतो, संध्याकाळी सैलावतो. असं होतंच. सकाळी मऊ खा, आणि कालचा घास आज जाईलच असं धरू नका. पाणी कधी पिता?"

मिस्त्री छताकडे बघू लागले.

"घासागणिक!" बायको म्हणाली.

"मिस्त्री, तुमच्याकडे माल पुढे गेला की काम झालं. माझ्याकडे तो थोडा वेळ थांबला की काम झालं. तो तिथे थांबला तरच पोट भरल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही तोच धुऊन काढताय!"

हे मात्र मिस्त्रींना पटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास जेवणाच्या टेबलावरून हद्दपार केला. छोटी वाटी आली. ते डोळे मिटून चावायचे, घास खाली उतरताना मनातल्या मनात त्याच्याबरोबर जायचे, आणि वाटी संपायच्या आतच छातीत एक मऊ दार लागायचं. बस. झालं.

पंचाईत झाली ती बायकोची. तिचा हात मोठ्या पातेल्याला सरावलेला! "टाकायचं कसं रे अन्न?" असं म्हणत ती उरलेलं भावाच्या ताटात वाढायची. पान्याच्या प्रकरणानंतर तिला नाही म्हणायची भावाची टाप नव्हती.

आणि काही महिन्यांनी एक दिवस मिस्त्रींची बेंबी टाकीच्या तोंडातून सुळकन आत गेली! मागोमाग छाती, खांदे, डोकं. तोच उन्हाचा खांब, तोच निळा उजेड! मिस्त्री गुणगुणले, टाकी गुणगुणली. त्यांनी तडे लिंपले, भिंतीला गाल लावला, आणि दुपार साखरेसारखी विरघळू लागली.

अचानक अंधार झाला. टाकीच्या तोंडातून दोन पाय लोंबत होते.

"दाजी, ताईने तुम्हाला बोलवायला पाठवलं, मी आत उतरायला गेलो आणि... आणि इथेच अडकलो! खालून ढकला ना!"

"ढकलायचं नाही!" मिस्त्री अंधारात ऐसपैस टेकून बसले. "शांत राहा. सावकाश श्वास घे. आपोआप सरकेल."

"अहो, काय चाललंय वर?" खालून बायकोने हाक मारली. "किती वेळ?"

"थांबावं लागेल!" टाकीतून मिस्त्रींचा आवाज घुमला. "तुझ्या हातून घास जरा मोठा झालाय!"