करवतकाठी कोंबड्या

भागीरथा भाऊबीजेला उमरेडला गेली आणि पाचव्या दिवशी सकाळी जागेश्वरला अंगणात पिसं सापडली. थोडीथोडकी नाही, सूपभर. पेरूच्या झाडाखाली, मोरीपाशी, खुराड्याच्या दारात, जिकडे पाहावं तिकडे पिसं. आधी त्याला वाटलं, मांजर आलं. त्यानं धावत जाऊन कोंबड्या मोजल्या. पाच होत्या. पुन्हा मोजल्या, तरी पाचच. म्हणजे मांजर नव्हतं. मांजर असतं तर बरं झालं असतं, निदान दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

भागीरथा काही आनंदानं माहेरी गेली नव्हती. मार्गशीर्षात तिच्या भाचीचं लग्न होतं. त्या लग्नात नेसायला नवऱ्याच्या मागावरचं एक लुगडं असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. नागपूरच्या तांडापेठेतल्या बहुतेक विणकरांच्या बायका गिरणीची लुगडी नेसूनच म्हाताऱ्या झाल्या होत्या, तेव्हा मागणी काही नवी नव्हती. जागेश्वरचं उत्तरही नवं नव्हतं. "सूत नाही वं," तो म्हणाला. तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. सोसायटीकडून सूत यायचं ते वजनावर, आणि विणलेलं कापड जायचं तेही वजनावर. चौऱ्याहत्तरच्या त्या दिवाळीत तर दोन महिने सूतच आलं नव्हतं आणि माग खड्ड्यात थंड पडला होता. उत्तर खोटं नव्हतं. पण भागीरथानं ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की खरं-खोटं करत बसण्यात तिला काही राम वाटेना.

तिनं पिशवी भरली आणि दारात उभी राहिली.

"मी चालली. माह्या कोंबड्या जशा ठेवून चालली, तशाच पाहिजेत मले. एकीलेही काही झालं, तं समजा मी उमरेडलेच राहिली."

"आन येशीन कवा?"

"यावंसं वाटंन तवा."

घरात तिसरं माणूस नव्हतं. होत्या त्या कोंबड्या. भागीरथानं त्या पाचही जणींना नावं दिली होती आणि ती त्यांच्याशी दिवसभर बोलायची. जागेश्वरला ती नावं माहीत नव्हती. त्याचा माग भिंतीकडे तोंड करून होता आणि अंगण त्याच्या पाठीमागे. तीस वर्षं पाठीमागून बोलणं ऐकू येई आणि तो सगळ्याला "हूं" म्हणे.

पिसांचं सूप घेऊन तो शेजारी शालिकरामकडे गेला. शालिकरामनं आपला माग केव्हाच विकून टाकला होता आणि वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो पहारेकरी होता. गोदामात नाना तऱ्हेचा माल पाहिल्यामुळे त्याला सगळ्याच गोष्टींतलं कळायला लागलं होतं. त्यानं एक पीस उचललं, उन्हात धरलं आणि मान हलवली.

"दुःखानं झडून राहिल्या गा या. मालकीन गेली न."

"दुःखानं पिसं झडतात?"

"माणसाचे केस नाही झडत? नाही तं मंग उवा असतीन. चुलीची राख चोळ."

जागेश्वरनं राख चोळली. एका कोंबडीला पकडायला अर्धा तास, अशा पाच कोंबड्या. चोळता चोळता प्रत्येकीची मूठमूठ पिसं त्याच्या हातात आली. दुपारपर्यंत तो राखेनं माखला आणि कोंबड्या आणखी विरळ झाल्या. पेरूखाली बसून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या त्या पाहण्यात भागीरथाचं काहीतरी होतं, निदान त्याला तसं वाटलं, आणि तो तोंड फिरवून घरात गेला.

त्याला जेवण गेलं नाही. आपण एकटे राहणार हे त्याला दिसायला लागलं. भागीरथा येईल, दारातूनच कोंबड्यांकडे पाहील आणि आलेल्या एस.टी.नं परत जाईल. 

मग त्यानं जे केलं, ते फक्त विणकरालाच सुचू शकतं. धाग्याचे तंतू सुटायला लागले, धागा झडायला लागला, की त्याला खळ द्यायची, ही गोष्ट त्याला लहानपणापासून माहीत होती. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, ताण्याच्या उभ्या धाग्यांवर कुंच्यानं ओढायची, उन्हात सुकवायची. मग धागा कसा तारेसारखा होतो. पीस तरी काय, धागाच की! त्यानं चुलीवर पातेलं चढवलं, खळ शिजवली, कोमट केली, ताण्याचा मोठा कुंचा काढला आणि एकेका कोंबडीला मानेपासून शेपटीपर्यंत हात दिला. काम मात्र सुरेख केलं. कुठं गाठ नाही, कुठं थेंब नाही.

तासाभरात उन्हानं खळ सुकली. पाचही कोंबड्या परीटघडीच्या झाल्या. पंख जसे होते तसेच राहिले, काहींचे मिटलेले, एकीचा अर्धा उघडा. चालताना त्यांच्या अंगाचा पापड मोडल्यासारखा आवाज येऊ लागला. पण एक पीस म्हणून गळेना. जागेश्वरनं कित्येक दिवसांनी विडी पेटवली.

विडी संपायच्या आत एका कोंबडीच्या लक्षात आलं, की शेजारणीच्या पाठीवर तांदळाचं पीठ आहे.

कोंबडीला आणखी काय पाहिजे! तिनं एक टोच मारली. खळ पिसासकट आली. बाकीच्यांनीही पाहिलं. मग पाचही जणी एकमेकींच्या पाठी, माना, शेपट्या मन लावून टोचायला लागल्या. जागेश्वर काठी घेऊन मध्ये पडला, पण तो एकीला हाकलेपर्यंत दुसऱ्या दोघींचं जेवण चालू असे. ऊन उतरेपर्यंत खळ संपली आणि पिसंही संपली. दोघींच्या माना उघड्या, दोघींच्या पाठी, आणि पाचवी तर नुसती गुलाबी. कसायाच्या दुकानात टांगायची राहिली होती, इतकंच.

"हे का केलं गा तू?" शालिकराम भिंतीवरून डोकावून म्हणाला.

"खळ देल्ली."

"कोंबड्यायले?"

जागेश्वर पायरीवर बसला आणि त्याला खरोखर रडू आलं. तीस वर्षांत बायकोनं एकच गोष्ट सांभाळायला दिली होती आणि ती त्यानं पाच दिवसांत सोलून ठेवली होती.

त्यात थंडी पडली. नागपूरची थंडी एकदा आली की हाडापर्यंत जाते, आणि या बिचाऱ्यांच्या हाडांवर तर काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जणी एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून कुडकुडत होत्या. त्यानं गोणपाट टाकलं, त्यांनी ते झटकलं. जुन्या धोतराच्या चिंध्या बांधल्या, त्या पायात अडकून गुलाबी कोंबडी तोंडावर पडली. बसेल असं, मापाचं काहीतरी हवं होतं. आणि मापाचं कापड काढणं एवढी एकच गोष्ट जागेश्वरला या जगात नीट येत होती.

त्यानं खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. तळाशी, कागदात गुंडाळलेलं थोडं चांगलं सूत होतं. कैरीच्या रंगाचं, आणि काठाला तांबडं. कधीतरी चांगलं काम आलं तर असावं, म्हणून वाचवत वाचवत ठेवलेलं. फार तर दोन-तीन हात कापड निघालं असतं. लुगड्याला ते पुरलंच नसतं, हे त्यानं मनाशी कित्येकदा म्हटलं होतं.

त्यानं वितीनं पाचही कोंबड्यांची मापं घेतली. अरुंद ताणा चढवला. दोन महिन्यांनी त्या घरातून धोट्याचा आवाज यायला लागला, तशी गल्लीतली माणसं दारात जमली. साधं कापड काढायचं त्याच्या मनात होतं, पण दोन बोटं विणून झाली आणि त्याचा हात अडखळला. काठ नसलेलं कापड त्याला उघडंबोडकं वाटायला लागलं. त्यानं काठावर करवतीची नक्षी काढायला घेतली. बारीक, दात्यादात्याची, त्याच्या बापानं शिकवलेली.

"कोंबड्यायले काठ काहून पाहिजे गा?" शालिकरामनं विचारलं.

"काठाबिगर कापड कोणी घालते का?"

यावर शालिकरामपाशी, इतका माल पाहूनही, मत नव्हतं.

चौथ्या दिवशी पाचही कोंबड्यांनी झबली घातली. पंखांना दोन भोकं, पोटाखाली नाड्या, पाठीवर दोन्ही बाजूंनी तांबडी करवत. आधी त्या हललेल्याच नाहीत. मग सवय झाली, आणि एक दिवस गुलाबी कोंबडी झबलं घालून रस्त्यावर गेली. नाईक तलावापासून माणसं पाहायला आली. पलीकडच्या जनाबाईला त्याच आठवड्यात उमरेडला जायचं होतं. तिनं ही बातमी भागीरथाला सांगितली, आणि सांगताना काही कमी केलं असेल असं वाटत नाही.

भागीरथा दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं आली. जागेश्वर पायरीवरून उठला आणि अपराध्यासारखा उभा राहिला.

"माह्यानं चूक झाली," तो म्हणाला. "पिसं झडून राहिले होते. मी राख चोळली, मंग खळ देल्ली..."

भागीरथानं पिशवी खाली ठेवली. तिनं गुलाबी कोंबडीला उचललं, झबलं वर करून पाठ पाहिली. पाठीवर बारीक काळ्या काड्यांसारखे कोंब आले होते.

"दर वर्षी झडतात या," ती म्हणाली. "दिवाळीच्या आगंमागं. महिनाभरात नवे पिसं येतात. तेवढे दिवस ढेप चारा लागते, बस."

"दर वर्षी?"

"दर वर्षी सांगतो मी तुमाले. 'कोंबड्या झडून राहिल्या' म्हन्तो. तुमी 'हूं' म्हन्ता."

जागेश्वरला हायसं वाटलं. कोंबड्या जगणार होत्या. बायको घरात आली होती. एवढ्यावर संपलं असतं तर देवाला नारळ फोडला असता. पण भागीरथाचा अंगठा तेवढ्यात झबल्याच्या काठावरून फिरला. विणकराची लेक होती ती, विणकराची बायको. अंगठा एकदा पुढे गेला, मग सावकाश मागे आला.

"सूत कुठलं?" तिनं विचारलं.

"होतं थोडंसं. पेटीत."

"कवापासून?"

"लुगड्याले पुरलं नसतं वं ते."

"मी ते नाही इचारलं."

भागीरथाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबड्यांसाठी आलं असावं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तो म्हणाला, "तुह्यासाठी काढतो न आता एक." आणि म्हटल्याबरोबर त्याला आठवलं, की आता पेटीत खरंच सूत नाही. 'सूत नाही' हे वाक्य तीस वर्षांत इतकं खरं कधीच नव्हतं आणि आज ते उच्चारायची सोय नव्हती.

भागीरथा घरी राहिली. तिनं कोमट पाण्यानं उरलीसुरली खळ धुतली, जवसाच्या पेंडीची ढेप कुस्करून चारली. बोलायची ती फक्त कोंबड्यांशी. लग्नापर्यंत पाचही जणी नव्या पिसांनी अशा भरल्या, की झबली घट्ट व्हायला लागली. तिनं ती सोडवली, रिठ्यानं धुतली, उसवली आणि दोन दिवस ओसरीवर बसून काहीतरी शिवत राहिली. 

उमरेडच्या मांडवात ती गिरणीचंच लुगडं नेसली, पण वर चोळी होती. कैरीच्या रंगाची, पाच तुकड्यांची, बाह्यांवर तांबडी करवत. मांडव सगळा विणकरांचा. लुगड्याकडे कुणी पाहिलंच नाही. जो तो चोळीच्या काठाकडे पाही. पंगतीत जागेश्वरच्या समोरच सुहासिनी, भागीरथाची भावजय, वाढता वाढता थांबली आणि तिनं भागीरथाची बाही बोटांत धरली.

"अशी करवत आता कोणी काढत नाही वं! कोणी विनलं?"

"यायनं," भागीरथा म्हणाली.

"मायबाई! भाऊजीनं? तुह्यासाठी?"

"नाही वं. कोंबड्यायसाठी."

पंगत थांबली. भागीरथानं खांदा जरासा हलवून चोळी सारखी केली.

"थोडी घट्ट होते," ती म्हणाली. "माप कोंबड्यायचं होतं न."

जागेश्वरनं पत्रावळीतून मान वर केली नाही. पाचही कोंबड्यांची मापं त्याला अजून तोंडपाठ होती.