तिखटाच्या डब्याचं लाल झाकण

क्रिकेट काय, कुणीही बघतं! आपला प्रांत वेगळा. ऑलिम्पिक सुरू झालं की मी तलवारबाजी, नाचणारे घोडे, पाण्यात उलटं होऊन पाय हलवणाऱ्या बायका, सगळं बघतो आणि वर कॉमेंट्री करतो. नुसती कॉमेंट्री नाही, चुका काढतो! मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरून पॅरिसच्या घोड्याला "अरे, मागचा डावा पाय आधी!" असं ओरडून सांगणारा मी एकटाच असेन.

त्यातही चालण्याच्या शर्यतीवर माझा विशेष जीव. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात सरळ हवा. चुकलात की लाल कार्ड!

माझा आवाज खाली सोसायटीच्या ऑफिसात पोचतो. तिथून सेक्रेटरी शरच्चंद्र साटम थेट वर आले.

"पंधरा ऑगस्टला दरवर्षी तेच लिंबू-चमचा. यंदा ही तुमची चालायची शर्यत ठेवूया ना. पंच तुम्ही!"

हे ऐकून नलिनी, म्हणजे आमची ही, झाऱ्यासकट बाहेर आली. लिंबू-चमच्यात ती दरवर्षी शेवटच्या वळणावर लिंबू पाडते आणि बी विंगची अनुपमा कप नेते. शोकेसमध्ये नलिनीने कपासाठी जागा राखून ठेवली आहे. तूर्त तिथे माझी चष्म्याची केस असते. पण चालण्यात तिला कोण हरवणार? भाजी आणायला निघाली की तिला गाठायला मला पळावं लागतं.

"अहो, नक्की लिंबू नाही ना?" तिने विचारलं.

"लिंबू नाही, चमचा नाही. कप घरात आला असंच समज!"

तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. त्या आनंदात दुपारी शिराही झाला.

पंधरा ऑगस्टला निघताना आठवलं, लाल कार्ड कुठाय? ओट्यावर तिखटाच्या डब्याचं लाल झाकण दिसलं. टाकलं खिशात!

झेंडावंदन झालं. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत शर्यत, तिथे रिबीन, आणि रिबिनीपलीकडे बटाटेवड्यांचं टेबल. गुणाजीकाका तेवढे गेटजवळ कडेला खुर्चीत बसले होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, दोन्ही पायांना कडक पट्टे. मी माइकवर नियम सांगितले. "तिकडे पुष्कळ पंच असतात. इथे मी एकटाच, म्हणून एकाच कार्डात बाहेर!" ऐकत कुणीच नव्हतं. सगळ्या पदर खोचत होत्या.

शिट्टी वाजली. नलिनी सुसाट पुढे! मागून अनुपमा. तिने गाठण्यासाठी चक्क उडी मारली. दोन्ही पाय हवेत! मी झाकण उंचावलं.

"आऊट!"

"अहो भाऊजी, हे काय?" अनुपमा कडाडली. "घरच्या बाईला कप द्यायला पंच झालात काय? बघते मी, तिचे गुडघे तुम्हाला दिसतात का!"

सगळं कंपाउंड "हो ना, हो ना" करायला लागलं. आता आली का पंचाईत! मी इरेला पेटलो आणि सगळ्यांचेच गुडघे बघत सुटलो. आमच्या सोसायटीत पन्नाशीनंतर गुडघा सरळ कुणाचा होतो हो? वाकला, बाहेर! वाकला, बाहेर! साटमसुद्धा हौसेनं उतरले होते, तेही गेले.

उरली एकटी नलिनी. रिबीन दोन पावलांवर. चेहऱ्यावर ते शिऱ्याच्या दिवशीचं हसू. आणि तिचा उजवा गुडघा वाकला. मला दिसला. अनुपमालाही दिसला, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

देवा! माझा हात वर गेला.

नलिनी थांबली. माझ्याकडे बघितलं. मग झाकणाकडे.

"हे माझ्या तिखटाच्या डब्याचं!"

खोचलेला पदर सोडून ती कडेला जाऊन उभी राहिली.

आता मैदानात कुणीच नाही. तेवढ्यात गुणाजीकाका खुर्चीतून उठले आणि काठ्यांसारखे सरळ पाय, एकही जमिनीवरून न उचलता, सरपटवत निघाले. नियमाबरहुकूम! रिबीन त्यांच्याच पोटाला लागून तुटली.

"विजेते, गुणाजीकाका!" मी ओरडलो.

"अरे मेल्या, मी खंय शर्यतीत होतंय?" काका वैतागले. "मी वडो खाऊक चललंय!"

तरी कप घेतला त्यांनी. आणि माझ्या बायकोच्या डोळ्यांदेखत त्यात चटणी वाढून घेतली!

घरी मी बिचकतच जेवायला बसलो. नलिनीने शांतपणे ताट वाढलं. आमटी लालभडक. पहिल्याच घासाला कानातून धूर निघाला.

"अगं, आमटीत तिखट..."

"डब्याला झाकण नव्हतं," ती म्हणाली. "आख्खा डबा उपडा झाला. तू घे ना अजून."

एरवी मला 'अहो' म्हणते ती. मी मुकाट्यानं सगळी आमटी संपवली. त्या दिवशी चौथ्यांदा बाथरूमकडे जाताना माझे दोन्ही पाय हवेत होते. पंच दारातच उभी होती, हातात लाल झाकण घेऊन!