ताईच्या चित्रातली बाई

भुताखेतांना मी भीत नाही. लहानपणापासून नाही! म्हणूनच आमची चित्रकार ताई तीन दिवस परगावी निघाली, तेव्हा तिच्या स्टुडिओची किल्ली मी छातीठोकपणे मागून घेतली.

"शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शनवाले चित्र न्यायला येतील. रंग ओला आहे. हात लावलास तर याद राख! आठ वर्षांनी संधी मिळालीये मला."

निळी शाल पांघरून खुर्चीत बसलेली मॉडेल, असं ते तैलचित्र. जवळून नुसते रंगाचे जाड फराटे. दहा पावलं मागे सरकलं की बाई दिसायची, खिडकीबाहेर बघणारी. मी हात अजिबात लावला नाही. रंग लवकर वाळावा म्हणून फक्त हीटर समोर ठेवला, अगदी जवळ आणि फुल्ल!

बुधवारी बाईची हनुवटी खाली आली होती. गुरुवारी ती खिडकीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, एका डोळ्याने! दुसरा गालावर उतरला होता. स्टुडिओत चिटपाखरू नाही, आणि मी जिकडे सरकेन तिकडे तो डोळा. किल्ली दारालाच विसरून मी घर गाठलं.

शुक्रवारी दुपारी धीर करून दार ढकललं. चित्रातली खुर्ची रिकामी! आणि समोरच्या खऱ्या खुर्चीत, निळी शाल पांघरून, पाठमोरी ती!

"आलात? कधीची बसलेय मी," ती मान न वळवता म्हणाली.

मी तिथेच लोटांगण घातलं. "बाई, पाया पडतो, चित्रात परत जा! संध्याकाळी तुम्हाला न्यायला येणार आहेत!"

तिने मागे पाहिलं, किंकाळी फोडली आणि शाल टाकून जी धूम ठोकली ती ठोकलीच.

आतल्या खोलीतून ताई ब्रश घेऊन आली. ती सकाळीच परतली होती. वितळून ओघळलेली बाई तिने खरवडून काढली होती, आणि नव्याने रंगवायला मॉडेलला तातडीने बोलावलं होतं. ताईचे डोळे रडून लाल झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, मी हात नाही गं लावला..."

तिने हीटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शाल घे. बस."

तीन तास बसलो. मिशी तेवढी तिने गाळली.

प्रदर्शनात त्या चित्रापुढे ही गर्दी! एक गृहस्थ दहा पावलं मागे सरकून म्हणाले, "बाईच्या डोळ्यांत काय भीती आहे हो! समोर भूतच उभं असणार!"

मी हळूच एक पाऊल लांब सरकलो. ताई शेजारीच उभी होती.